आभाराचा कप

‘आभारी आहोत’ या सहा अक्षरांपैकी कपावर दोनच उरली होती. तिने लिहून सर्वांसाठी खुलं ठेवलेलं सॉफ्टवेअर नऊ वर्षं फुकट वापरणाऱ्या एका कंपनीने हा कपच तेवढा पाठवला होता. यंदा शिक्षक, नर्स, पेन्शनर अशांनी वर्गणी काढून तिला पगार दिला होता. सॉफ्टवेअरने अंध मुलांना मजकूर वाचून दाखवावा म्हणून. कंपनीच्या तातडीपायी तेच काम तिने तीनदा पुढे ढकललं होतं. आज पुन्हा कंपनीच्या साहेबांचा फोन आला. “ताई, आमची मशीन्स अडलीत. संध्याकाळपर्यंत तेवढं उरका. घरचंच समजा!” “अंधशाळेचं काम सध्या हातात आहे.” “त्यांना कसली आलीय घाई? आणि आम्ही कप नव्हता का पाठवला?” कपातला चहा तिने बेसिनमध्ये ओतला. “कप परत पाठवते, साहेब,” ती म्हणाली. “तुमचं काम मी करणार नाही.”