दोन्ही टोकं

नव्या कोनफळाच्या सणाला पहिला काप गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्यानं द्यायचा आणि कंदाचं डोकं, म्हणजे कोंब फुटतो ते टोक, पुढच्या लावणीसाठी बाजूला ठेवायचं, ही नायजर नदीकाठची रीत. उझोमांनी सुरी उचलली खरी, पण कंद हातात नुसता फिरवत राहिले.

"याचं डोकं कुठलं?"

"बाबा, हा जहाजातून आलाय," त्यांची मुलगी चिनेलो म्हणाली. "यंदा गावात कुणी लावलेच नाहीत. हे स्वस्त पडतात ना!"

आता इथलं खनिज तेल परदेशी जाई आणि तिथल्या कारखान्यांत त्याचेच कृत्रिम कंद बनून परत येत. चिनेलो बंदरावर तेच उतरवून घ्यायची.

"मग पुढच्या वर्षी लावायचं काय?"

'जहाज येईल की,' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर नदीपलीकडे गेली. तेलविहिरीवर तिच्या जन्माआधीपासून पेटलेली ज्वाळा परवाच विझली होती. तेल संपलं होतं.

उझोमांनी दोन्ही टोकं कापून ती कुजू नयेत म्हणून त्यांना राख चोळली. मधला भाग गावाला वाटला.

"दोन्ही लावू," ते म्हणाले. "एक तरी डोकं असेलच."

चिनेलोनं कुदळ आणून दिली.