थोपटणारा हात

उद्या बारसं. बाळाच्या आत्याला 'स्वर्णिमा' ठेवायचं होतं, आईला, म्हणजे मृण्मयीला, 'जुई'. शेवटी ही आत्या, मृण्मयीची नणंदच म्हणाली, "पोकर खेळू, जिंकेल तिचं नाव."

मांडीवरच्या लेकीला थोपटत मृण्मयीनं निर्णायक डावाचे पत्ते उचलले. अगदीच भिकार. आतापर्यंत तिला चांगले पत्ते आले, की नणंद नेमकी डाव सोडायची. मघाशी सासरे कानाशी पुटपुटले होते, "सूनबाई, पत्ते चांगले आले की तुझा थोपटणारा हात थांबतो."

तिनं सगळे चिंचोके पुढे सरकवले आणि मुद्दाम हात थांबवला. लेक चुळबुळली, तिनं ओठ काढले. नणंदेची नजर त्या हातावरून हलेना.

"राण्या दडवल्यास ना, वहिनी?" तिनं पत्ते टाकले. "ठेव बाई तुझं नाव. उद्या कानात मात्र मीच सांगणार."

मृण्मयी पुन्हा थोपटू लागली. "झोप हं, जुई," ती पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाली.