डाव्या हाताची भाकरी

"बाई, बटणावरचं बोट काढू नका!" मालक खेकसले. ट्रकांच्या वजनकाट्याचा, डॉस या जुन्या प्रणालीवर चालणारा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर ट्रक नसला की गोठायचा. म्हणून शालनबाई दिवसभर शिफ्टचं बटण दाबत राहायच्या, भाकरीही डाव्या हाताने खायच्या.

शेवटी मेख त्यांनाच सापडली. काम दिसलं नाही की नवा कॉम्प्युटर त्या प्रोग्रॅमला झोपवत होता. त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ते झोपवणं बंद केलं. दुपारभर बटणाला हात लावला नाही, तरी ट्रक येताच पावती छापली गेली.

"झकास!" मालक म्हणाले. "मग पावतीचं बटण ड्रायव्हरच दाबतील. उद्यापासून तुम्ही घरी आराम करा."

मालक चहाला गेले. शालनबाईंनी झोपवणं पुन्हा सुरू केलं आणि हात मांडीवर ठेवून त्या पडदा गोठायची वाट पाहू लागल्या. डाव्या हाताने का होईना, उद्या भाकरी खायची होती.