नऊ इंची बकेट

दुकानातल्या, ट्रॅक्टरला जोडून खोदायच्या दीड फुटी बकेटवरून भागवतची नजर हलेना. तिने पाण्याच्या पाइपाचा चर पहाटेच खोदून झाला असता, थोरले अण्णा शेतावर यायच्या आत. चर बांधालगत जाणार होता आणि त्या बांधावरूनच दोघा भावांचा अबोला होता.

"ट्रॅक्टर लहान आहे तुमचा," मेकॅनिक म्हणाला. "एवढी ओली काळी माती उचलायला गेलात, तर पुढची चाकंच उचलतील. मग बकेटचे दात कुठं बसतील, सांगता येत नाही."

कुठं बसतील हे भागवतला दिसतच होतं: बांधात. त्याने नऊ इंची बकेट जोडून घेतली.

सकाळी अण्णा टेप घेऊन बांधावरच बसले होते. भागवत जपून खोदत राहिला. बांधाचं एक ढेकूळ ढासळलं तरी कज्जा ठरलेला. दुपारी अण्णा उठले, त्यांनी चर मापला, बांध न्याहाळला. भागवतने इंजिन बंद केलं.

"एवढ्या वेळात मी कुदळीनं खोदलं असतं," अण्णा म्हणाले. मग चराकडे बघत म्हणाले, "पाइप टाकशील तेव्हा एक तोंड माझ्या रानाकडं ठेव."

"कुठं ठेवू, अण्णा?"