दूताने गाळलेली ओळ

"बाबांनी निरोप दिलाय," बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. त्यांच्या मुलाने मान वर केली नाही. तो कोपरापर्यंत पिठात होता. भट्टी थंड होती, रिकामे ट्रे भिंतीला टेकून उभे होते आणि त्याच्या त्या बोळकांडीएवढ्या बेकरीत दोघांना जेमतेम जागा होती.

"बोल," तो म्हणाला.

बोलणं हा तर बाईंचा धंदाच होता. विद्यापीठात त्या प्राचीन ग्रीक महाकाव्यं शिकवत आणि त्यातल्या एका प्रसंगावरून त्यांनी आयुष्यभर लोकांशी भांडण मांडलं होतं. भर सभेत राजा आपल्या सर्वांत शूर वीराचा पाणउतारा करतो. वीर रुसून तंबूत जाऊन बसतो. युद्ध अंगाशी येतं तेव्हा राजा नमतं घेतो, दूताकरवी भेटींची नुसती खैरात देऊ करतो. पण निरोपाच्या शेवटी त्याची खोड उफाळून येतेच: मी मोठा आहे, त्याने माझ्यापुढे झुकावं. दूत सगळा निरोप शब्दशः सांगतो आणि ही शेवटची ओळ तेवढी गिळून टाकतो. बाईंचं मत ठाम होतं. त्या काव्यात मान हीच माणसाची खरी मिळकत. म्हणून दुखावलेल्याचा मान राखायला ओळ गाळणारा हा दूतच त्या काव्यातला सर्वांत शहाणा माणूस. हे त्यांनी ग्रंथात लिहिलं, परिषदांत गाजवलं, घरी जेवताना तर कितीदा ऐकवलं. त्यांच्या विभागात एक सहकारी होता, सगळे त्याला शंकासुर म्हणत. तो दर वेळी विचारायचा, "दूत एवढा शहाणा, तर मग वीराने नकार का दिला?" बाई म्हणायच्या, "हट्टी होता म्हणून." विषय संपला.

आज दूत व्हायची पाळी त्यांच्यावरच आली होती आणि त्यांना त्याची जराही धास्ती नव्हती.

भांडणही थेट काव्यातल्यासारखंच होतं. काही वर्षांपूर्वी, बापाच्या बेकरीत, सकाळच्या गर्दीत पावांचा एक घाणा करपला. बापाने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मुलाच्या हातातली, भट्टीत पाव सरकवायची लांब दांड्याची फळी काढून घेतली आणि कालपरवा कामाला लागलेल्या माणसाला दिली. "तू कर. याचं लक्ष नसतं," एवढंच तो म्हणाला. मुलगा त्याच पावली बाहेर पडला. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. आणि उद्या सकाळी बापाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टर खात्री द्यायला तयार नव्हते. आत नेण्याआधी मुलगा त्याच्या नजरेला पडावा, एवढंच बाईंना हवं होतं.

नवऱ्याने निरोप दिला होता तो हॉस्पिटलच्या छताकडे बघत. "ये म्हणावं त्याला. दुकान त्याचं, भट्टी त्याची. नवी यंत्रं हवीत तर आण म्हणावं. आणि हेही सांग, मी चुकलो नव्हतो. घाणा त्यानेच जाळला. बाप मी आहे, तेव्हा पहिलं पाऊल त्याने टाकायचं." शेवटावर बाईंनी तिथल्या तिथे मनात काट मारली. त्यात विचार करण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही.

"बाबा म्हणाले, ये," आता त्या मुलाला सांगत होत्या. "दुकान तुझं, भट्टी तुझी. नवी यंत्रं हवीत तर आण." आवाज कुठे अडखळला नाही. वर्गात बोलल्या असत्या तर विद्यार्थ्यांनी लिहून घेतलं असतं.

मुलाने पिठाचा गोळा उलटा करून आपटला. "आणि?"

"आणि काय? एवढंच."

तो हसला, पण त्या हसण्यात काही गंमत नव्हती. "आई, बाबा उभ्या जन्मात इतकं गोड बोललेले नाहीत. हे तू रचलंयस. तू इकडे आलीस याचा त्यांना पत्तासुद्धा नसेल. मी तिथे जाऊन उभा राहणार आणि ते नर्सबाईंसमोर भिंतीकडे तोंड करणार. एकदा चार लोकांत झालं तेवढं पुरे. मी नाही येत."

"अरे, माझ्यावर विश्वास ठेव."

"तुझ्यावर आहे. म्हणूनच सांगतो, निरोप तुझा आहे."

तो पुन्हा मळायला लागला. बाईंकडे मुद्दे खूप होते, त्यांनी त्यातला एकही काढला नाही. तो वीर हट्टी नव्हता, हे त्यांना आत्ता, या पिठाच्या धुरळ्यात उभं राहून कळत होतं. तो राजाला ओळखून होता आणि आलेल्या निरोपात तो ओळखीचा राजा कुठेच नव्हता. शंकासुर बरोबर होता याचा त्यांना मनापासून राग आला. पण मत मोडलं तर मोडलं, मुलगा हवा होता.

"शेवटचं मी गाळलं," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी ते सांगितलं, सगळं, नवऱ्याच्या त्याच खेकसणाऱ्या सुरात.

मुलाचे हात थांबले. चेहरा लाल झाला. आता हा आपल्याला दाराबाहेर काढणार, असं बाईंना वाटलं.

"मी जाळला म्हणाले?"

"हो."

"अजूनही?"

"अजूनही. नाकात नळी असताना."

तो वळला आणि नळाखाली हात धुऊ लागला. बराच वेळ धूत राहिला. खांदे हलत होते, पण हसतोय की रडतोय ते पाठीवरून कळत नव्हतं. मग त्याने मळलेल्या पिठावर ओलं फडकं टाकलं, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि शटर ओढायला हात वर केला.

"चल आई," तो म्हणाला, "बाबांनी बोलावलंय."