रिकामा घाट

लडाख, कच्छचं रण असं सगळं फिरून विश्वेश बनारसला घरी आला होता. सकाळीच त्याने रामघाटावर कॅमेरा लावला. त्याला घाट रिकामा हवा होता. तेवढ्यात जांभळ्या साडीतली आई गंगेवरून तांब्या भरून पायऱ्या चढायला लागली.

"मी येतेय की रे फोटोत! थांबू का?"

"थांबू नकोस! शटर बराच वेळ उघडं राहणार आहे. चालता माणूस फोटोत उमटत नाही, थांबला तरच उमटतो. तू आपली चढत राहा."

फोटो गाजला. चौकटीत बसून घरच्या बैठकीत आला.

आई गेली, तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो सापडेना. विश्वेशकडे डोंगर होते, वाळवंटं होती, आई नव्हती.

बाबांनी रामघाटाच्या फोटोकडे बोट दाखवलं. "यात आहे की ती."

"बाबा, यात कोणीच नाही."

"नाही कशी? मी वर बसून बघत होतो ना. गुडघे बिलकुल साथ देत नव्हते तिचे. इथे टेकली जरा वेळ." बाबांनी काचेवरून एका पायरीवर बोट ठेवलं. "मग तुझा फोटो खराब होईल म्हणून उठली बिचारी."

विश्वेशला ती पायरी आठवली. तिथे एक फिकट जांभळा डाग आला होता. कॉम्प्युटरवर त्याने तो अगदी सफाईने पुसून टाकला होता.