नाव लागलं पाहिजे

"आजी, गाणं रचलं कुणी ते सांगा. ते नाव भरल्याशिवाय पुढं जाताच येत नाही," भरतेश पुन्हा म्हणाला.

बनुबाईंनी पदर सारखा केला.

"आवं, त्येंचं नाव कसं घ्यायचं?"

भरतेशला हसू आलं. कुपवाडला एका लेथच्या कारखान्यावर त्याची खोली होती. गावोगावच्या कलाकारांची गाणी इथं रेकॉर्ड करायची आणि गाण्याच्या सगळ्या ॲपवर पोचवायची, हा त्याचा धंदा. बँजोवाले, पोवाडेवाले, भजनी मंडळं सगळी त्याच्याकडं यायची. नावासाठी भांडणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते. चुलत्याचं नाव काढून माझं घाला म्हणणारे तर पैशाला पासरी. पण नाव लावायला कडेगावहून एसटीनं यायचं आणि नाव तेवढं सांगायचं नाही, असं गिऱ्हाईक पहिलंच.

"आमच्या आईचंही हेच," तो शेजारी बसलेल्या शिवांजलीला म्हणाला. "रेशनच्या दुकानात वडिलांचं नाव सांगायची वेळ आली की शेजारणीला पुढं करते."

शिवांजली खुदकन हसली. ती बनुबाईंची नातसून. नवऱ्याला ती चारचौघांत 'ए शिवतेज' म्हणायची आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

हे सगळं सुरू झालं ते तिच्यामुळंच. घरातल्या एका हळदीला आजेसासू गात होत्या, ते तिनं मोबाइलवर टिपलं आणि नेटवर टाकलं. पुण्याच्या कुणा डीजेनं ते उचललं, खाली ढोल घातला आणि गाणं वरातीवरातीत वाजायला लागलं. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

"पारंपरिक म्हंजी काय गं?" बनुबाईंनी विचारलं होतं.

"म्हणजे कुणी केलंय ते ठाऊक नाही."

"मला ठावं हाय की!"

त्या दिवशी म्हातारी जेवली नाही. एखाद्यानं जीव ओतून केलेली गोष्ट कुणाचीच नाही म्हणून वाजवायची, हे त्यांना सोसलं नाही. खरं तर कुणालाच सोसू नये. नाव लागलं पाहिजे, एवढंच त्या धरून बसल्या. शेवटी शिवांजली त्यांना घेऊन इथं आली.

"बरं, नाव नका घेऊ," भरतेश म्हणाला. "त्यांना सुचायचं कसं, तेवढं तरी सांगा."

"इहिरीवर इंजिन चालू असायचं," बनुबाई म्हणाल्या. "घरात सासू, सासरा, दीर, जावा. बोलायची सोय न्हाई. इंजिनाच्या आवाजात कुणाला काय ऐकू जातंय? त्ये गान्याची एक वळ सांगायचं, मी म्हणायची. लय गोड गळा हाय तुजा, म्हणायचं."

सांगता सांगता त्या लाजल्या. या वयात असं लाजणं भरतेशनं कधी बघितलं नव्हतं, त्याला फार बरं वाटलं. भरल्या घरात नवराबायकोलाही चोरूनच बोलावं लागायचं, हे त्यानं आईकडून ऐकलं होतं.

मग बनुबाई काचेपलीकडच्या खोलीत गेल्या, कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटून गायला लागल्या.

इहिरीच्या पान्यामंदी कुनी टाकियला खडा
माज्या काळजाचा बाई अजून हालतोय घडा

"नाव मी सांगते," काचेच्या अलीकडं शिवांजली हळूच म्हणाली. "ज्ञानू करांडे. आमचे आजेसासरे. फौजेत होते. मी काही त्यांना बघितलं नाही, पण आमच्या लग्नपत्रिकेत वरतीच छापलं होतं."

"नक्की ना? एकदा गेलं की जगभर तेच दिसतं. बदलायचं म्हटलं तर दहा जणांच्या विनवण्या कराव्या लागतात."

"नक्की. घाला तुम्ही."

भरतेशनं नाव घातलं.

बनुबाई बाहेर आल्या त्या हेच विचारत. "लागलं का नाव?"

"लागलं आजी."

त्यांनी त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "आता मेली तरी चालंल बग."

गाणं सगळीकडं आल्यावर भरतेश मुद्दाम कडेगावला गेला. आजींना पहिल्यांदा भरतेशनंच ऐकवायचं, तोवर कुणी काही बोलायचं नाही, असं शिवांजलीनं घरात बजावून ठेवलं होतं. दारातच बनुबाईंचा मुलगा जयराज पेढ्याचा पुडा घेऊन उभा होता. भिंतीवर गणवेशातल्या ज्ञानूंच्या फोटोला ताजा हार होता.

"आबास्नी आमी कवा गुणगुणताना बी ऐकलं न्हाई," जयराज म्हणाला. "सुट्टीवर आलं की रेडूवरची गाणी बंद करायला लावायचं. आन् मनात एवढं व्हतं! बापाला आमी वळखलंच न्हाई बघा." आणि तो पन्नाशीचा गडी रडायला लागला.

"अबोल माणसं अशीच असतात," भरतेशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यालाही भरून आलं होतं.

बनुबाई मागं परड्यात बसल्या होत्या. भरतेशनं गाणं लावलं. संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"मला वाचाय येत न्हाई लेकरा," त्या म्हणाल्या. "मी घ्यायचं न्हाई, पर दुसऱ्यानं घेतलेलं ऐकाय काय हरकत हाय? वाच की नाव."

"गायिका, बनुबाई करांडे," भरतेश सावकाश वाचायला लागला. "आणि गीतकार, ज्ञानू करांडे."

बनुबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. अजून काही वाचायचं राहिलंय, असं त्यांना वाटत होतं.

"ज्ञानू?" शेजारच्या कुणाला हाक मारावी इतक्या सहज त्या म्हणाल्या. "आरं, ज्ञानू तर माजा नवरा व्हता."